टॅक्स वाचला, घर राहिलं

मंगळवारी सकाळी मी गवार मोडत बसले होते. बँकेतून फोन आला. "मॅडम, तुमचं होम लोन सँक्शन झालं. सहीला कधी येता?"

"येते," म्हटलं. कोणाला सांगावं म्हणून मान वर केली. ह्यांना जाऊन आता वर्ष होईल. दोघांच्या नावाची फाइल बँकेने माझ्या एकटीच्या नावाने पुन्हा करायला लावली होती. दोघांच्या कमाईत टू बीएचके बसत होता, एकटीच्या कमाईत वन बीएचके बसतो. मी पुन्हा गवार घेतली, पण डोक्यात ऑफिसचे किस्से सुरू झाले. किस्से रद्दीसारखे असतात. साठताना कळत नाही. आवरायला बसलं की आवरणं राहतं आणि वाचन सुरू होतं!

नागपुरात धंतोलीला आमचं एका खोलीचं ऑफिस. दारापाशी ह्यांचं टेबल, इन्कम टॅक्स रिटर्नचं. खिडकीपाशी माझं, होम लोनच्या फाइलींचं. स्वतःचा धंदा असलेला माणूस आधी ह्यांच्यासमोर बसायचा. पेट्रोल, मोबाइल, दुकानाचं भाडं, गिऱ्हाइकांचा चहा... सगळा खर्च हे लिहून काढायचे आणि उत्पन्न असं खाली आणायचे, की टॅक्स नावापुरता! खोटा खर्च एकही नाही, पण खरा एकही सुटायचा नाही. माणूस हसत उठायचा. पुढे कधीतरी घर घ्यायला माझ्या टेबलाशी यायचा, आणि बँक त्याच रिटर्नवर बोट ठेवायची: एवढ्याशा उत्पन्नात हप्ता कुठून भरणार?

* * *

मंडप डेकोरेशनवाले गजाननभाऊ नागपूरजवळच्या मौद्याचे. देह भरभक्कम. मी त्यांचा रिटर्न पाहून म्हटलं, "भाऊ, ह्या हिशेबाने तर तुम्ही अर्धपोटी राहता!"

त्यांनी शर्टावरून हात फिरवला. "वहिनी, बँकेले रिटर्न काहून दाखवता? हे पोट दाखवा ना!"

* * *

सावजी भोजनालयवाल्या किशोरभाऊंची फाइल मात्र जमत आली होती. फक्त बँकेचा माणूस धंदा बघून जायचा बाकी होता. तो नेमका दुपारी, ऐन गर्दीत पोचला. हातात फाइल, गळ्यात ओळखपत्र. किशोरभाऊंना वाटलं, इन्कम टॅक्सवाला!

"धंदा? कायचा धंदा साहेब? हे सारे घरचे पाहुणे हाय!" असं म्हणून त्यालाही ताटावर बसवलं.

त्याचा रिपोर्ट मी स्वतः वाचला. 'व्यवसाय आढळला नाही. जेवण उत्तम.'

लोन तर गेलंच. वर त्या दुपारी एकाही पाहुण्याने बिल दिलं नाही!

* * *

पार्लरवाल्या सुनीताताईंना मी एकदा घसारा समजावत होते. खुर्च्या, मशीन जुनी होतात, म्हणून दर वर्षी थोडी किंमत खर्चात टाकतात. पण तो पैसा खिशातून जात नाही, म्हणून लोन देताना बँक तो उत्पन्नात परत मिळवते.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे खुर्चीचा घसारा परत भेटते? अन् दिवसभर उभं राहून माझ्या गुडघ्याचा झाला, तो काहून नाही वं?"

* * *

गजाननभाऊ पुढच्या वर्षी थेट ह्यांच्यासमोर जाऊन बसले. "साहेब, यंदा टॅक्स वाढवा!"

उभ्या आयुष्यात ह्यांना असं कोणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी डबा तसाच घरी आला.

* * *

मग पाळी आमची. सगळा संसार भाड्याच्या घरात झाला. बेसाकडे एक टू बीएचके पाहिला. मी स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीपाशी उभी होते. हे दुसऱ्या बेडरूममधून ओरडले, "हे माझं ऑफिस! म्हणजे अर्धं लाइटबिल खर्चात!"

बँकेतल्या तरुण मॅनेजरने आमचे दोघांचे रिटर्न चाळले आणि कपाळाला हात लावला.

"सर, तुमचे रिटर्न कोण भरते? टॅक्स वाचवला, पण लोनची पार वाट लावली ना! त्या माणसाले पहिले बदला!"

मी छताकडे बघायला लागले. हे अतिशय गंभीरपणे म्हणाले, "बदलतो."

बाहेर आलो. ह्यांनी स्कूटर स्टँडवरून काढली, हेल्मेट घातलं. मग मागे न बघता म्हणाले, "आता आपले रिटर्न तूच भरजो वं. मले त्या माणसाचा भरोसा नाही राहिला."

पुढची दोन वर्षं आमचे रिटर्न मी भरले. चहा-पेट्रोल लिहिलंच नाही. टॅक्सचा आकडा आला की हे डोळे मिटून सही करायचे. मग दोघांच्या नावाची फाइल पुन्हा बँकेत दिली.

काल बँकेचा पुन्हा फोन होता. सहीला मी अजून गेलेले नाही. वन बीएचकेत 'हे माझं ऑफिस' म्हणायला दुसरी बेडरूम नसते.