घाट्या

तारकर्लीत होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे काका मला कधीच नावाने हाक मारत नाहीत. सातवीत शाळा सोडून मी लातूरकडून इथे आलो, तेव्हा त्यांनीच शेडमध्ये झोपायला जागा दिली, काम शिकवलं. चहाला उशीर झाला की ओरडतात, "खंय मेल्लंस रे घाट्या?" पुस्तकी मराठी ते फक्त बँकेतल्या साहेबांशी बोलतात.

मागे एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "या, बसा. आपण कुठून आलात?" हातातला पाना थरथरत होता. शेजारी म्हणाले, वय झालं, आता विसरणारच. कणकवलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, लिव्हर बिघडलंय, त्याचा मेंदूवर परिणाम होतोय. गोड, पातळ औषध दिलं. पोट रोज साफ व्हायला हवं, नाहीतर पुन्हा तसंच होईल, म्हणाले. काही दिवसांनी काकांनी मला पुन्हा "घाट्या" म्हटलं. मी शेडमागे जाऊन रडलो.

तेव्हापासून चहा नेताना माझे कान त्या हाकेकडे असतात. आज मुद्दाम उशीर केला. काकांनी मान वर केली, छान हसले.

"या, बसा ना."

चहा तिथेच ठेवून मी काकींना बोलवायला धावलो. मागून काका अदबीने म्हणाले, "सावकाश जा हं, साहेब."