मार मोजायची बटणं

आमच्या अप्पांचं, मधुकररावांचं, दाजीबानपेठेत बटणांचं दुकान आहे. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, लोक कानडीत पत्ता सांगतात ‘गुंडी अंगडी’, बटणांचं दुकान, म्हणूनच. तयार कपडे आल्यापासून गिऱ्हाईक म्हणजे दिवसाकाठी दोन-तीन शिंपी. अप्पा थकलेत. गादीवर बसतानाही खांबाला हात लावतात.

ऑफिस सुटलं की मी दुकानात येते आणि आम्ही दोघं माझे प्राण्यांचे पत्ते खेळतो. प्रत्येक प्राण्याची ताकद पत्त्यावर छापलेली असते. त्याला मार बसला की तेवढ्या खुणा पत्त्यावर ठेवायच्या. ताकदीइतक्या झाल्या की प्राणी मेला. या खुणा विकत मिळतात, पण बटणवाल्याच्या घरात त्या कोण आणणार? पांढरं बटण दहाचं, काळं पन्नासाचं, निळं शंभराचं.

आमचं भांडण व्हायचं ते शब्दावरून. मी म्हणायचे, मेला तुमचा वाघ. अप्पा गादीवर बसून तसला शब्द उच्चारत नाहीत. त्यांच्या लेखी दुकान बंद करायचं नसतं, वाढवायचं असतं. बांगडी फुटत नाही, वाढते. तसा त्यांचा वाघही ‘वाढला’. पहिल्यांदा मी मार वाढला असं समजून आणखी एक बटण ठेवलं.

“वाढलेल्याला आणि किती मारतीस गं?” अप्पा म्हणाले.

सरळ बोलायला काय होतं, असं मी त्यांना दरवेळी सुनावायचे.

अलीकडे ते माझ्या पत्त्यांवर काळ्याच्या जागी निळं ठेवू लागले होते. रडीचा डाव खेळता म्हणून मी हसायचे. मागच्या शनिवारी नागेश शिंपी एक काळा कोट घेऊन आला. अप्पांनी दिलेली सगळी बटणं गडद निळी. तो रागावला नाही. पुढल्या वेळी मीच निवडून घेतो मधुकरअण्णा, एवढंच हळू आवाजात म्हणाला. अप्पांना ते रागावण्याहून जास्त लागलं, आणि मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

त्या संध्याकाळी डाव अर्धाच राहिला. अप्पा पत्त्यांवरचं एकेक बटण दिव्याखाली धरून बघत होते. शेवटी बटणांचा डबा त्यांनी माझ्याकडे सरकवला. मी रोजच्यासारखी शटर ओढायची काठी घेतली.

“वाढवायचं ना, अप्पा?”

“नको. आता बंदच करूया, पूजा.”

वाढवलेलं दुकान सकाळी उघडतं. इतकी वर्षं मी सरळ बोला म्हणून त्यांच्या मागे लागले होते. त्या दिवशी ते सरळ बोलले आणि मला ऐकवेना.

“वाढवूया म्हणा अप्पा,” मी म्हणाले.

त्यांनी कुलूप माझ्या हातात दिलं.