गोधडीचे तुकडे

शेजारच्या सुमनवहिनींच्या दोरीवर आज जुन्या गोधडीचे तुकडे वाळत होते. त्यांच्या दोन्ही मुलांना रक्त न गोठण्याचा आजार, म्हणून टेबला-पलंगाच्या प्रत्येक कोपऱ्याला हे तुकडे बांधलेले असत. न्हाणीघराच्या फरशीला काय बांधणार? थोरला तिथेच घसरला, डोक्यात रक्त साचलं आणि गेला. मग या आजारावर नवं इंजेक्शन आलं. धाकटा आता सायकलवरून पडतो, गुडघा झटकतो, उठतो. औषध उशिरा आलं म्हणून रागवायचं तरी कोणावर? पण मला राग येतो.

संध्याकाळी वहिनी ते तुकडे पुन्हा बांधत होत्या.

"आता कशाला?" मी विचारलं.

गाठ आवळत त्या म्हणाल्या, "धाकट्याला नकोतच. थोरला अजून धावतो ना घरात."