आधी हाड, मग चित्र

मुख्याध्यापकांनी मला एक काम दिलं. डायनोसॉरवरची सहा भागांची माहितीपट-मालिका पाहायची आणि सातवीच्या विज्ञानाला ती चालेल का, ते लेखी द्यायचं. चालली तर जूनपासून शनिवारचा प्रयोगाचा तास बंद होऊन त्या जागी मालिका लागणार होती. निघोज्याजवळची आमची शाळा लहान. मुलांना काही हातानं करून पाहायला मिळतं, ते त्या एकाच तासाला.

ती मालिका मला जवळजवळ पाठ होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. माझे पती शेवटच्या दोन महिन्यांत अंथरुणावरून तीच बघत. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये तयार माल तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं. "शेपटीनं तोल कसा धरलाय बघ," म्हणायचे, आणि दम लागून थांबायचे. ते गेल्यावर मी टीव्ही लावलाच नव्हता. त्यामुळे मालिका चांगली आहे, असं माझं मन न बघताच ठरवून बसलं होतं. त्यांच्या कामात असं चाललं नसतं. मित्रानं बनवलेला नग तपासायला आला, तर ते मुद्दाम दोनदा मोजत. मीही तसंच करायचं ठरवलं.

पहिला भाग सहावीच्या वर्गाला दाखवला. जूनमध्ये सातवीत येणार ती हीच मुलं. एरवी न बसणारी पोरं पाऊण तास हलली नाहीत. मालिकेच्या बाजूनं ही मोठीच गोष्ट, मी ती लिहून घेतली. मग विचारलं, "हे खरं कशावरून?"

"बाई, क्यामेरा कुठं लावला व्हता?" मागून एकानं विचारलं.

"येडा का तू?" पुढच्या बाकावरची मुलगी वळली. तिचे वडील चाकणला गाड्यांच्या भागांची डिझाइनं करतात. "कंप्युटरवर बनवलंय ते. पप्पा पण आधी कंप्युटरवर बनवतात. ते पास झालं की मग खरा पार्ट बनतो."

"मग हाडं?" मी विचारलं.

"हाडं नंतर. चित्रावरून बनवली असतील ना, म्युझियमसाठी."

कुणीच हसलं नाही. वर्गाला ते पटलं होतं. अर्ध्या वर्गाच्या घरात कुणी ना कुणी कंपनीत आहे. चित्र आधी आणि वस्तू मागून, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलंय. मालिकेनं तो समज पुसला नव्हता, उलट पक्का केला होता.

त्या रविवारी मी सहाही भाग वही घेऊन पाहिले. डाव्या बाजूला मालिका काय सांगते ते, उजवीकडे ते कशावरून कळलं ते. कातडीचा रंग, आवाज, पिलांवरची माया, सगळ्यांपुढे उजवी बाजू कोरी. एका भागात पावलांच्या ठशांवरून प्राण्याची उंची कशी काढतात ते दाखवलं होतं, तेवढ्या दोन मिनिटांपुढे ती भरली. शेपटीच्या तोलाशी आले तेव्हा पेन थांबलं. मी तो तुकडा तीनदा मागे नेऊन पाहिला. तिथेही कारण दिलेलं नव्हतं. ती जागा मी कोरीच ठेवली.

सोमवारी मुख्याध्यापकांनी मी लिहून दिलेला कागद वाचला. "मॅडम, पालक खूश आहेत हो. एक जण म्हणाले, आम्हीपण येऊन बसतो."

"बसू देत की, सर. शनिवार सोडून."

"तुमचं मन सध्या ठिकाणावर नाही. घाई नाही मला."

"मन ठिकाणावर नाही म्हणूनच वही केली, सर. मालिका उत्तरं सांगते, ती सापडली कशी ते सांगत नाही. गोष्ट म्हणून दाखवू. तासाऐवजी नको."

त्यांनी वही मागून घेतली आणि चाळली. "दिवाळीपर्यंत ठेवा तास," शेवटी म्हणाले. "मग मुलं काय शिकली ते मी स्वतः विचारणार."

जूनमध्ये पहिल्या शनिवारी मालिकेतली ती ठशांची दोन मिनिटं तेवढी दाखवली आणि वर्ग मैदानात नेला. मुलांनी आधी एकमेकांची पावलं आणि उंची मोजली. उंची पावलाच्या साडेसहा पटीच्या आसपास येते, हे त्यांचं त्यांनीच काढलं. कुंपणाजवळच्या ओल्या मातीत कुणाचे तरी अनवाणी ठसे होते. ते मोजून पुढच्या बाकावरच्या त्या मुलीनं माणसाची उंची सांगितली. माणूस शोधल्यावर ते शाळेचे शिपाईमामा निघाले. त्यांना भिंतीला उभं करून मोजलं, तर हिशेब चार बोटं चुकलेला. चूक ठशात, पट्टीत की मामांच्या पाठीच्या बाकात, यावर घंटा झाली तरी भांडण चालू होतं.