मास्तरांची टाच

कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तरांचा शब्द शेवटचा. लांबलचक टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरायचे, वर खडूनं आखायचं आणि मशीन धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत कापत जायचं, हे काम त्यांनी उभं आयुष्य उभ्यानंच केलं होतं. आपली बाही कधी सूतभरही चुकली नाही, हे ते स्वतःच सांगत.

त्या वर्षी मात्र उजव्या टाचेनं त्यांना जेरीस आणलं. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की खिळा ठोकल्यासारखी कळ यायची आणि दुपारनंतर घोट्याच्या आतल्या बाजूनं वर चढायची. मॅनेजरनं काळजीपोटी बसून शर्टांचे धागे तपासायचं काम देऊ केलं. ते मास्तरांना फार झोंबलं.

त्यांची सून एका दवाखान्यात पायांचे आधार बनवायची. तिनं सासऱ्यांना ट्रेडमिलवर चालवून मागून व्हिडिओ काढला. पाऊल टेकलं की उजवी टाच आत कलत होती. मग मऊ फोममध्ये पावलांचे ठसे घेऊन तिनं बुटात घालायचे इनसोल बनवले. आतली कड उंच, बाहेरची उतरती.

मास्तरांनी ते उलटसुलट करून पाहिले. एक कड वर, एक खाली! कारखान्यात असला माल त्यांनी परत पाठवला असता. सून कामाला गेल्यावर त्यांनी सुरी घेतली आणि उंच कड तासून दोन्ही बाजू एका पातळीत आणल्या. बायकोनं हटकलं, तर म्हणाले, पोरीचं काम चांगलंय, मी नुसता शेवटचा हात फिरवला.

दुखणं तसूभर हललं नाही. सून बुचकळ्यात पडली. शेवटी तिनं बूट मागून घेतला, इनसोल बाहेर काढला आणि तासलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"बाबा, तुम्ही आखलेल्या कापडावर मी माझ्या मनानं कात्री चालवली तर चालेल का?"

मास्तरांनी दुसरा बूटही तिच्यापुढं सरकवला.

तिनं नवा जोड बनवला. हळूहळू सकाळची कळ बोथट झाली, मग जाणवेनाशीच झाली. तेव्हा सुनेनं पुन्हा व्हिडिओ काढला. मास्तर चष्मा लावून स्क्रीनला नाक भिडवून बसले. टाच अजून कलतच होती, फरक जेमतेम.

"अगं, ही सरळ कुठं झाली?"

"सरळ करायची नव्हतीच, बाबा. कल थोडा कमी झाला, ताण विभागला गेला. काहींची टाच तर हललेली दिसतही नाही, तरी आराम पडतो. तो नेमका कसा, ते आम्हालाही पुरतं उमगलेलं नाही. तुम्ही दुखतंय का, ते सांगा."

मास्तरांनी उभं राहून टाच जमिनीवर दाबली, पुन्हा दाबली. दुखत नव्हतं.

बैठं काम नको, असं त्यांनी मॅनेजरला सांगून टाकलं. पुढं शिलाई विभागातली एक बाई लंगडताना दिसली, तेव्हा मास्तर मशीन बंद करून तिच्याकडे गेले आणि सुनेच्या दवाखान्याचा रस्ता खडूनं तिच्या टेबलावरच काढून दाखवू लागले.