तेमने ठेक्यावर ओनिका

कॅरिबियन समुद्रातल्या आमच्या कॅरियाकू बेटावर नवी होडी पाण्यात लोटायची म्हणजे आधी ढोल वाजलाच पाहिजे. ढोलही असातसा नाही. आफ्रिकेतून बांधून आणलेले आमचे पूर्वज ज्या ज्या कुळांचे, त्या त्या कुळाचा ठेका वेगळा. आपला ठेका आला की आपण रिंगणात उतरायचं. कूळ बापाकडून येतं.

ओनिका अकराव्या वर्षी न्यूयॉर्कहून सिडोनी आजीकडे, म्हणजे आईच्या आईकडे, राहायला आली. तिचा बाप बार्बेडोसचा. तिकडे कुळं कुणी लक्षात ठेवली नाहीत. सहा वर्षांत पोर मासे साफ करायला शिकली, भांडायलाही आमच्याच बोलीत लागली, पण ढोल वाजला की काठावर उभी, आजीचा रुमाल सांभाळत.

एझ्रा सुताराची होडी तयार झाली त्या दुपारीही ती तशीच उभी होती. एझ्राने विचारलं, "तुझं कूळ कोणतं गं? विमानतळ?"

माणसं हसली. ओनिकाही हसली, मग आजीच्या कानाशी वाकली.

"आजी, मी उतरले तर?"

"चुकीच्या कुळात उतरलीस तर म्हातारे ढोल थांबवतील. मग फीर बेटभर तोंड लपवत."

"आणि नाहीच उतरले कधी, तर?"

तेवढ्यात तेमने कुळाचा ठेका सुरू झाला. तो आजीचा, पण तिचे गुडघे सुजलेले. ती बाकावरून हलली नाही.

पुढे झाली ती ओनिका. घागऱ्याची दोन टोकं धरून, आजीसारखाच डावा खांदा जरा खाली सोडून, ती सावकाश रिंगणात शिरली.

"कालिस्तकाका, हे चालतं का?" एझ्रा म्हणाला. "हे तर तिच्या आजीचं कूळ, बापाचं नाही."

कालिस्त आमचा थोरला ढोलकरी. त्याचे हात थांबले नाहीत. "आज पहिलं गाणं कसलं म्हटलं आपण?"

"पूर्वजांची माफी मागायचं. नेहमीचंच."

"मग माफी आधीच मागून झालीय. एखादी चूक करू दे की पोरीला. नाहीतर फुकट जायची माफी."

रिंगण खदाखदा हसलं. आजीने बसल्या जागी टाळ्यांचा ताल धरला, आणि तिच्या मागोमाग सगळ्यांनी.

ठेका लांबत गेला. चार वाजत आले.

"अगं, बास की आता," एझ्रा म्हणाला. "होडी लोटायचीय अजून."

"भरती पाचला आहे, एझ्राकाका," ओनिका नाचता नाचता म्हणाली.