एक जूनची जन्मतारीख

ऋजुता हा गुण आपण बहुधा मवाळपणाचा सोयरा समजतो. जो आवाज चढवत नाही, कोणाला दुखवत नाही, त्याला ऋजू म्हणून मोकळे होतो. शब्दाचा मूळ अर्थ मात्र 'सरळ' एवढाच आहे, आणि सरळ असणे हे मृदू असण्याहून पुष्कळ कठीण. दुसऱ्याच्या दोषापर्यंत सरळ रेषेत जाणारे लोक विपुल आढळतात. स्वतःच्या चुकीपाशी पोचताना मात्र वाटेला वळणे फुटतात. नियम आठवतात, परिस्थिती आठवते, इतरांचे प्रमाद आठवतात. तीही वाट सरळ ठेवणारी माणसे मोजकीच. इंदिरानगरातल्या आमच्या शेजारीण कौसर अन्सारी त्यांपैकी एक. न्यायाधीश म्हणून एकतीस वर्षांच्या सेवेनंतर यंदाच्या मे महिन्याच्या अखेरीस त्या निवृत्त झाल्या.

कौसरताई मूळच्या मालेगावच्या. वडील सलाउद्दीन यंत्रमागावर काम करीत. मागांच्या खडखडाटात अभ्यास केल्यामुळे असेल, कोर्टातल्या गलक्याने त्या कधी विचलित झाल्या नाहीत. सेवेत बदल्या पुष्कळ झाल्या, पण बाल न्याय मंडळाचे काम तीनदा त्यांच्या वाट्याला आले आणि तिन्ही वेळा त्यांनी ते आनंदाने पत्करले. या मंडळात उंच आसन नसते, आरोपीचा पिंजरा नसतो. मूल समोर आले की ताई प्रथम विचारीत, "जेवलास का?" मंडळावर समाजसेविका म्हणून त्यांच्याबरोबर बसलेल्या साधनाताई सांगतात की या प्रश्नामागे निव्वळ माया नव्हती. भुकेले मूल कोणत्याही आरोपाला लवकर हो म्हणते, हे मॅडमना ठाऊक होते.

अशा जागरूक बाईंच्या हातून एक चूक घडली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सुरगाण्याकडचा एक मुलगा मोटारसायकलींच्या चोरीत सापडला. त्याचे नाव लिहिणे कायद्याला संमत नाही आणि मलाही नाही. त्याच्या आईला आपण धोंडाबाई म्हणू. मुलगा अठरा वर्षांच्या आतला की बाहेरचा, यावर सारे अवलंबून होते. आत असेल तर प्रकरण मंडळापुढे, समजावणीने आणि देखरेखीने सुटणारे. बाहेर असेल तर प्रौढांचे न्यायालय आणि प्रौढांचा तुरुंग. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून होती. त्या हिशेबाने गुन्ह्याच्या दिवशी तो अठरा वर्षे आणि अडीच महिन्यांचा ठरत होता. धोंडाबाई तेव्हा दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला होती. मुलाबरोबर फक्त एक चुलता आला होता आणि त्याला काही सांगता आले नाही. वयाच्या बाबतीत कायदा शाळेच्या दाखल्याला अग्रमान देतो. ताईंनी दाखला पाहिला आणि मुलगा प्रौढ असल्याचा आदेश दिला. जामीन द्यायला कोणी नव्हते; मुलगा तुरुंगात गेला.

तीन आठवड्यांनी बातमी कळून धोंडाबाई मंडळाच्या दारात आली. प्रकरण आता इथे नाही, हे मंडळाचे लिपिक ज्ञानेश तिला समजावीत होते. ताई आतल्या खोलीतून बाहेर येत होत्या. दारातच त्यांच्या कानावर पडले.

"मुलाची जन्मतारीख एक जून लिहिली आहे, मावशी."

"एक जून तर आमची सगळ्यांचीच हाय, सायेब. माझीबी तीच. मास्तरानं लिवली. हा तर वाघबारशीच्या दुसऱ्या दिशी झाला. नागली कापून खळ्यावर आली व्हती."

वाघबारस म्हणजे दिवाळीच्या तोंडची. जूनमध्ये पहिलीत घालायचे तर मुलाला सहा वर्षे पूर्ण हवीत, म्हणून मास्तरांनी जन्म पाच महिने मागे ओढला होता. दिवाळीपासून मोजले तर ऑगस्टात मुलगा अठराला कुठला, पावणेअठरालाच कसाबसा टेकला होता.

ताई दारातच थांबल्या. त्यांना उमगले ते यापेक्षाही अधिक बोचरे होते. त्यांच्या स्वतःच्या सेवापुस्तकातली जन्मतारीखही एक जूनच होती. मालेगावच्या शाळेत सलाउद्दीनमियांनी बोट धरून नेलेल्या चारही लेकरांना गुरुजींनी तीच तारीख दिली होती, आणि घरात त्यावर वर्षानुवर्षे थट्टा चाले. जी तारीख स्वतःच्या बाबतीत काल्पनिक म्हणून हसून सोडली, तीच दुसऱ्याच्या लेकराबाबत त्यांनी खरी मानली होती.

आपला आदेश आपणच फिरवण्याचा अधिकार त्यांना नव्हता, आणि पुरावा शोधत न्यायाधीशाने हिंडणे मर्यादेला सोडून झाले असते. कायद्याप्रमाणे वागले, एवढे म्हणून गप्प राहायला पूर्ण मुभा होती. ताईंनी त्याच संध्याकाळी विधी सेवा प्राधिकरणाला पत्र लिहिले: या मुलाला मोफत वकील मिळावा; वय ठरवताना शाळेतील नोंदीला आधार काय, हे मी विचारले नाही, आणि ते विचारणे आवश्यक होते. खाली सही केली.

पत्राची वार्ता पसरली. दुपारच्या डब्याच्या वेळी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चिमटा काढला, "अन्सारीमॅडम, स्वतःच्या निकालावर अपीलही आता स्वतःच करणार म्हणे."

"नाही सर," ताई म्हणाल्या, "वकील देऊन करतेय."

वकिलाने गावी जाऊन अंगणवाडीची जुनी नोंदवही मिळवली. तिच्यात बाळाचा जन्म आणि पहिली लस, दोन्हींच्या तारखा होत्या. वरच्या न्यायालयाने मुलाला बालक मानले आणि प्रकरण मंडळाकडे परत आले. तोवर त्याचे चार महिने प्रौढ कैद्यांत गेले होते.

मुलगा आईसह समोर बसला तेव्हा ताईंनी कागद बाजूला ठेवले. "तुला मोठा मी ठरवलं होतं. चूक माझी झाली. ते चार महिने मला परत देता येत नाहीत."

बोलली ती धोंडाबाई. "बाई, आता त्याला चोरीचंबी दोन शब्द सांगा. नायतर त्याला वाटंल, समदं तुमचंच चुकलं."

साधनाताईंना हसू आवरेना. ताईही हसल्या, आणि मग त्यांनी मुलाला चोरीबद्दल दोन शब्दांऐवजी चांगला अर्धा तास सुनावले. त्याला वर्षभर देखरेखीखाली ठेवले आणि दुचाकी दुरुस्तीच्या शिक्षणाला घातले. आज तो पेठला हेच काम करतो. निघताना ताईंनी त्याला बजावले होते की रस्त्यात मी दिसले तरी ओळख दाखवू नकोस, तुझा भूतकाळ कोणाला कळता कामा नये. तो निरोपसमारंभाला आला नाही, याचा ताईंना फार संतोष वाटला.

समारंभात भाषणे लांबली. ताई मात्र तीनच मिनिटे बोलल्या, आणि त्यांतली दोन या चुकीवर. त्या मुलाची फाइल नियमानुसार केव्हाच नष्ट करण्यात आली आहे. ताईंच्या जागी नवे दंडाधिकारी रुजू झाले आहेत. वयाचा प्रश्न निघाला की मंडळात आता दाखल्याआधी आईला बोलावतात आणि विचारतात, मूल झाले तेव्हा शेतात काय होते.